पंचमावरून गंधारावर

रात्री साडेअकरानंतर आमच्या रस्त्यावरची वर्दळ ओसरते. मग मी पंखा बंद करतो, हेडफोन लावतो आणि कीबोर्डच्या दोन पट्ट्या दाबतो. आधी मधला सी, मग त्याच्या वरचा ए. पहिली पट्टी सुटायच्या आत दुसरी दाबायची, एवढं एकच पथ्य. कानात व्हायोलिन सुरू होतं. सी स्थिरावतो. मग गज एका तारेवरून पलीकडच्या तारेवर जाताना आवाज क्षणभर बारीक होतो, काहीतरी पुसटसं घासतं आणि त्या घासण्यातून ए वर येतो. गायकाने मंद्रातल्या पंचमावरून श्वास न तोडता मध्य सप्तकातला गंधार घ्यावा, तसा.

मी दाबल्या त्या फक्त दोन पट्ट्या. मधलं ते घासणं मी केलेलं नाही आणि कॉम्प्युटरनेही ते मनाने रचलेलं नाही. सी आणि ए यांच्या मधला तो जेमतेम पाव सेकंद कुणीतरी खराखुरा वाजवलेला आहे. एका माणसाने कधीतरी, खऱ्या व्हायोलिनवर, फक्त सीवरून एवर जाण्यासाठी गज ओढला. ते रेकॉर्ड झालं. आणि आता माझी बोटं कुठून कुठे गेली हे पाहून कॉम्प्युटरने हजारो नोंदींमधून नेमकी तीच नोंद काढली आणि दोन लांब सुरांच्या मध्ये बसवली. हे सगळं मला ठाऊक आहे, रोजच्या वापरातलं आहे, तरी दर वेळी अंगावर काटा येतो.

हेच दोन सूर का, तर त्यांच्यावर मी गेले कित्येक महिने अडकलेलो आहे. बेथोवेनच्या ए मायनरमधल्या स्ट्रिंग क्वार्टेटचा, म्हणजे ओपस १३२चा, तिसरा भाग याच उडीने सुरू होतो. १८२५ च्या एप्रिलमध्ये बेथोवेन आतड्याच्या दुखण्याने अंथरुणाला खिळला होता. त्यातून उठल्यावर त्याने हा भाग लिहिला आणि त्याला नाव दिलं, ते आपल्या भाषेत साधारण असं होईल: बऱ्या झालेल्या माणसाचं ईश्वराला कृतज्ञतागीत, लिडियन स्वरांत. लिडियन म्हणजे काय हे मराठी वाचकाला वेगळं सांगायला नको. एफ हा षड्ज धरला की तीव्र मध्यमासकट तेच सात सूर, कल्याण थाटाचे. हा यमन नव्हे, चलन पूर्ण निराळं आहे. पण एफला सा मानून ऐकलं की सी हा खालचा पंचम होतो आणि ए हा गंधार. दोन व्हायोलिन, एक व्हिओला, एक चेलो. चार माणसं, प्रत्येकी चार तारा. लिहिणारा तोवर ठार बहिरा झालेला होता.

माझ्याकडे ती चार माणसं नाहीत. जे आहे ते असं: एक कीबोर्ड, एक कॉम्प्युटर, आणि हार्ड डिस्कवर साठवलेली, दूरदेशीच्या वादकांनी एकेक सुटा सूर वाजवून भरलेली सॅम्पल लायब्ररी. एवढ्यावर हे गीत उभं करता येतं का, हा माझा छंद आहे. आणि या छंदाने मला जे शिकवलं ते एवढंच, की सूर साठवणं सोपं असतं, एका सुरावरून दुसऱ्या सुरावर जाणं साठवणं महाकठीण.

पेटीवाल्यांना हा प्रश्न नवीन नाही. १९४० मध्ये ऑल इंडिया रेडिओने हार्मोनियमवर बंदी घातली, ती उठायला १९७१ उजाडलं. आक्षेप मुख्यतः दोन होते. एक, पेटीवर मींड येत नाही. सा आहे, गंधार आहे, पण सावरून गंधाराकडे जाणारी वाट नाही. पट्टी दाबली की सूर आहे, सोडली की नाही. दुसरा, पेटीचे सूर कारखान्यात ठरलेले असतात आणि तानपुऱ्यातून आपोआप उमटणाऱ्या स्वयंभू गंधाराशी पेटीचा गंधार जुळत नाही. बंदी योग्य होती की नव्हती हा वाद बाजूला ठेवू. मला वाटतं पेटीवर त्यात अन्यायच झाला. पण आक्षेप मात्र अचूक होते. कीबोर्डवर व्हायोलिन वाजवू पाहणाऱ्या प्रत्येकापुढे हेच दोन आक्षेप आजही जसेच्या तसे उभे राहतात.

पियानो कॉम्प्युटरमध्ये भरणं तुलनेने सोपं गेलं. हातोडी तारेवर आपटली की वादकाचं काम संपलं. पुढे सूर आपापला विरत जातो. व्हायोलिनचं तसं नाही. गज तारेवर आहे तोवर वादक प्रत्येक क्षणी सुराला जबाबदार असतो. दाब किती, वेग किती, घोडीपासून अंतर किती, या तिन्हींवर सूर सतत हलत असतो.

आणि गजाखाली तार करते तरी काय? राळ चोळलेले घोड्याचे केस तारेला चिकटतात, तिला आपल्याबरोबर ओढत नेतात, ताण असह्य झाला की तार सुटते, मागे झेपावते आणि पुन्हा पकडली जाते. ए सुराच्या बाबतीत हे चिकटणं-सुटणं सेकंदाला ४४० वेळा होतं. एकोणिसाव्या शतकात जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ याने कंप पाहण्यासाठी खास सूक्ष्मदर्शक वापरून दाखवलं, की आपल्याला जी तार फुगीर लाटेसारखी थरथरताना दिसते, ती प्रत्यक्षात प्रत्येक क्षणी दोन सरळ रेषांची असते आणि त्या दोन रेषांना जोडणारा एक कोपरा तारेवरून या टोकापासून त्या टोकापर्यंत धावत असतो. गज कोपऱ्याची वाट पाहतो. कोपरा येऊन गेला की तार सुटते, परत आला की चिकटते.

यावर पुढचं मोठं काम आपल्याकडे, कलकत्त्यात झालं. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी प्रकाशाच्या विकिरणाकडे वळण्याआधी गजाच्या तारेचा ध्यास घेतला होता. १९१८ मध्ये त्यांनी या कंपनांचं सविस्तर गणित प्रसिद्ध केलं. नुसत्या गणितावर ते थांबले नाहीत, यंत्राने वाजणारं व्हायोलिनही बनवलं. त्यात गज जागेवर स्थिर आणि व्हायोलिनच त्याच्याखाली एकसारख्या वेगाने पुढेमागे सरकत असे, म्हणजे वेग आणि दाब मोजूनमापून बदलता यावा. माणसाचा हात बाजूला काढून व्हायोलिनकडून सूर काढून घेण्याचा तो प्रयत्न मी जेव्हा पहिल्यांदा वाचला, तेव्हा माझ्या टेबलावरच्या कीबोर्डकडे बघून मला नातेवाईक भेटल्यासारखं वाटलं.

हात बाजूला काढण्याचा दुसरा रस्ता म्हणजे हाताचं रेकॉर्डिंग. १९६३ मध्ये बर्मिंगहॅममध्ये मेलोट्रॉन नावाचं वाद्य आलं. त्यात प्रत्येक पट्टीखाली चुंबकीय फितीचा एकेक तुकडा. पट्टी दाबली की फीत फिरायची आणि त्या सुराचं रेकॉर्डिंग वाजायचं. फीत साधारण आठ सेकंदांची, ती संपली की सूर संपला. त्यात तीन व्हायोलिनांचा मिळून एक आवाज होता, अजूनही तो ऐकला की एखादं जुनं पत्र उघडल्यासारखं वाटतं. बीटल्सच्या १९६७ च्या एका गाण्यातल्या बासऱ्यांनी हे वाद्य जगभर पोचवलं. वादकांच्या संघटनेने ब्रिटनमध्ये त्याला विरोध केला, तो का केला हे पुढे येईलच. १९७९ मध्ये सिडनीत फेअरलाइट हे वाद्य तयार झालं, तेव्हा फितीची जागा संगणकाच्या स्मृतीने घेतली, पण एका आवाजाला मिळणारी स्मृती १६ किलोबाइट. सेकंदभराचा सूर त्यात मुश्किलीने मावायचा. खरी कोंडी फुटली १९९८ मध्ये, गिगासॅम्पलर नावाच्या प्रोग्रॅमने. युक्ती साधी आणि देखणी: प्रत्येक सुराची फक्त सुरुवात स्मृतीत ठेवायची, आणि ती वाजत असतानाच उरलेला सूर हार्ड डिस्कवरून ओढत राहायचा. त्या दिवसापासून सूर हवा तेवढा लांब ठेवता येऊ लागला आणि नमुने हवे तेवढे.

आता हवे तेवढे म्हणजे किती?

इथे हर्ब टुक्मांडल हा माणूस येतो. व्हिएन्नाचा, मुळात चेलोवादक, पुढे कॅमेऱ्याकडे आणि चित्रपटाकडे वळलेला. त्याने २००० साली व्हिएन्ना सिम्फॉनिक लायब्ररी उभी केली आणि शहराच्या दक्षिणेला एब्राइक्सडोर्फ या गावात खास या कामासाठी एक स्टुडिओ बांधला. त्याचं नावच सायलेंट स्टेज. बाहेरचा आवाज आत येऊ नये आणि आतला घुमू नये अशी ती खोली. चेलो वाजवलेल्या माणसालाच हे आतून कळू शकतं, की सी रेकॉर्ड केला, ए रेकॉर्ड केला, म्हणून सीवरून ए येत नाही. मग त्यांनी वादकांना सूर वाजवायला सांगितले नाहीत, जोड्या वाजवायला सांगितल्या. सीवरून सी शार्प. थांबा. सीवरून डी. थांबा. सीवरून ई फ्लॅट. थांबा. असं करत सप्तकभर वर, मग सप्तकभर खाली, मग पुढच्या सुरापासून पुन्हा पहिल्यापासून.

मी एकदा कागद घेऊन हिशोब मांडला. व्हायोलिनच्या सर्वात खालच्या जी सुरापासून वरच्या ईपर्यंत ४६ सूर धरले आणि उडी जास्तीत जास्त एका सप्तकाची, तर वर जाणाऱ्या जोड्या होतात ४७४ आणि खाली येणाऱ्याही तेवढ्याच. एकूण ९४८. हळू, मध्यम आणि जोरकस अशा तीन पातळ्यांवर प्रत्येक जोडी घेतली तर २,८४४. त्यात एकाच गजात दोन्ही सूर घेणं वेगळं आणि दुसऱ्या सुराला गज वळवणं वेगळं, म्हणून दुप्पट: ५,६८८. प्रत्येक नोंद तीन सेकंदांची धरली तर पावणेपाच तासांचं निव्वळ संगीत, किंवा खरं तर संगीताचे सांधे, आणि साठवणीला सुमारे ५ जीबी. एक व्हायोलिन, एक माइकची जोडी, तीही प्रत्येक टेक पहिल्या फटक्यात बरोबर आला असं धरून. यात तुटक सूर नाहीत, बोटाने छेडलेले नाहीत, थरथरता गज नाही, सूर संपल्यावर खोलीत उरणारा नाद नाही. ते सगळं निराळं.

मला त्या खोलीत गज धरून बसलेल्या वादकाबद्दल फार वाटतं. चाल नाही, ताल नाही, समोर कुणी ऐकणारा नाही. पुढच्या जोडीचा आवाज मागच्या जोडीइतकाच हवा, रंग तोच हवा, गजाचा दाब तोच हवा. सकाळी वाजवलेली जोडी आणि संध्याकाळी वाजवलेली जोडी उद्या कुणाच्या तरी घरी शेजारी शेजारी वाजणार आहेत. रियाजात पलटे घोटताना निदान आपलाच गळा तयार होत असतो. इथे दुसऱ्याचा होतो.

एवढं सगळं असूनही क्वार्टेट अवघडच राहतं. ऐकणाऱ्याला वाटतं, चाळीस व्हायोलिनांचा ताफा उभा करणं कठीण असेल आणि चार वाद्यं सोपी. प्रत्यक्षात बरोबर उलटं आहे, आणि त्याचं कारण मला या सगळ्या विषयातलं सर्वात सुंदर कारण वाटतं.

व्हायोलिन हळू वाजवलं की आवाज नुसता लहान होत नाही, त्याचा रंगच बदलतो. जोरात वाजवलं की वरचे उपस्वर पुढे येतात, आवाजाला धार येते. म्हणून लायब्ररीत एकच सूर वेगवेगळ्या जोरांत रेकॉर्ड करतात, आणि कीबोर्डच्या डाव्या बाजूला असलेलं छोटं चाक पुढे सरकवलं की हळू नोंद मावळत जाते आणि जोरकस नोंद उगवत जाते. ताफ्यासाठी हे झकास चालतं. लंडनमध्ये हॅम्पस्टेडच्या एका जुन्या चर्चमध्ये, जिथे १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला संगीतनिर्माता जॉर्ज मार्टिन याचा एअर स्टुडिओ आला, तिथे स्पिटफायर ऑडिओ या कंपनीने आपली चेंबर स्ट्रिंग्ज ही लायब्ररी रेकॉर्ड केली. चार पहिली व्हायोलिनं, तीन दुसरी, तीन व्हिओला, तीन चेलो, तीन डबल बास. सोळा माणसं, एक उंच छताची घुमणारी खोली. चाक मध्यावर असताना दोन्ही नोंदी एकदम वाजतात, म्हणजे चाराची क्षणभर आठ व्हायोलिनं होतात. कानाला काही कळत नाही. उलट आवाज भरल्यासारखा वाटतो.

पण व्हायोलिन एकच असेल तर? चाक मध्यावर आलं की एकाची दोन होतात. दोन्ही नोंदी त्याच वादकाच्या, त्याच सुराच्या, पण दोन वेगळ्या क्षणांच्या. एकीत बोटाचा कंप वर जात असताना दुसरीत खाली येत असतो. लहरी एकमेकींना कुठे उचलून धरतात, कुठे पुसून टाकतात. आवाज पोकळ होतो, आणि समोर बसलेल्या एका माणसाच्या जागी सावलीसारखा दुसरा दिसू लागतो. चाक पुढे नेलं की पुन्हा एक. मेणबत्तीच्या ज्योतीत माणूस फाटून पुन्हा जुळावा तसं. म्हणजे गर्दी उभी करणं यंत्राला जमतं. एका माणसाला एकच ठेवणं जमत नाही.

यावर उपाय निघाले आहेत आणि निघत आहेत. काहींनी कंपाशिवायचे सरळ सूर रेकॉर्ड केले, त्यांच्या लहरी एकमेकींवर चपखल बसतील अशा कापल्या आणि बोटाचा कंप नंतर गणिताने घातला. इटलीतल्या ऑडिओ मॉडेलिंग या कंपनीने तर रेकॉर्डिंगचा नादच सोडला; त्यांच्या प्रोग्रॅममध्ये गज, तार आणि लाकूड यांची वागणूक गणिताने तिथल्या तिथे घडवली जाते. हेल्महोल्ट्झचा तो धावता कोपरा, रामन यांनी कागदावर ज्याचा माग काढला तो, आता घरच्या कॉम्प्युटरमध्ये धावतो. त्याची लवचिकता थक्क करणारी आहे. माझ्या कानाला मात्र अजून रेकॉर्ड केलेल्या लाकडाचा वास हवासा वाटतो. कानाची सवय असेल.

तर माझं कृतज्ञतागीत. सुरुवातीची गुंफण संपली की चारही वाद्यं मिळून आठ लांब सुरांचं एक वाक्य म्हणतात, अगदी हलक्या आवाजात. आठ सूर. पहिल्या रात्री मला वाटलं तासाभराचं काम आहे.

पहिली अडचण वेळेची. सांधा वाजायला वेळ लागतो. मी पट्टी दाबतो तेव्हा तो कुठे सुरू होतो, आणि नवा सूर पक्का व्हायला लायब्ररीप्रमाणे १०० ते ३०० मिलिसेकंद जातात. म्हणजे चौघांना एकत्र आणायचं तर प्रत्येकाचा सूर वेगवेगळ्या मापाने आधी सरकवायला हवा, चेलोचा जास्त, व्हायोलिनचा कमी. मी सरकवले. अगदी काटेकोर जुळले. आणि ऐकलं तर आवाज ऑर्गनसारखा. चार माणसं कधीच अशी एका क्षणात सुरात शिरत नाहीत. काही शतांश सेकंदांचा मागेपुढेपणा असतो, आणि तोही आंधळा नसतो, ज्याच्याकडे चाल असते तो सहसा पाऊलभर पुढे. मग जुळवलेलं पुन्हा विस्कटायचं, पण जाणतेपणाने. या विस्कटण्यात माझे दोन आठवडे गेले आणि मी इतकं कान देऊन कधीच काही ऐकलं नव्हतं.

दुसरी अडचण मला दिसलीच नाही. ती दाखवली आमच्या इमारतीत व्हायोलिन शिकवणाऱ्या काकूंनी. त्या हिंदुस्थानी पद्धतीने वाजवतात, मांडी घालून, व्हायोलिनचं टोक पायावर टेकवून. क्वार्टेट त्यांनी आयुष्यात फारसं ऐकलेलं नाही. मी मोठ्या अभिमानाने हेडफोन त्यांच्या कानाला लावले. त्यांनी डोळे मिटून शेवटपर्यंत ऐकलं.

"गोड आहे रे," त्या म्हणाल्या. "पण एवढा लांब गज कुणाकडे आहे?"

मला कळेना. त्यांनी पुन्हा लावायला सांगितलं आणि उजवा हात हवेत धरून सुरांबरोबर ओढत नेला. तिसऱ्या सुरापाशीच त्यांचा हात पूर्ण लांब होऊन थांबला; माझं व्हायोलिन मात्र निवांत पुढे चाललं होतं. "बघ. हात संपला. हा माणूस गज वळवतच नाही."

गजाचे केस साधारण ६५ सेंटिमीटर. संपूर्ण पाश्चात्त्य तंतुवाद्य संगीत त्या ६५ सेंटिमीटरांत श्वास घेतं आणि सोडतं. माझ्या कॉम्प्युटरमधला लांब सूर मात्र गोल जोडलेला आहे, दाबून धरलं तर सकाळपर्यंत वाजेल. मी सांधे जपण्याच्या नादात सगळे सूर एकाच गजात ओवले होते आणि कुठेतरी, नकळत, ऐकणाऱ्याचा श्वास कोंडला होता. त्या रात्री मी स्वरलिपीवर पेन्सिलने खुणा केल्या, इथे गज ओढायचा, इथे लोटायचा, आणि काकूंसारखा हात हवेत चालवून पाहिला. मग त्या ५,६८८ मधल्या दुसऱ्या अर्ध्या नोंदी, गज वळवण्याच्या, पहिल्यांदा उघडल्या. वाक्याला कंबर आली.

तिसरी अडचण तीच, रेडिओने १९४० मध्ये सांगितलेली. गंधाराची. कीबोर्डने दिलेला ए हा एफपासून ४०० सेंट दूर असतो, सेंट म्हणजे अर्धस्वराचा शंभरावा भाग. तानपुऱ्यातून उमटतो तो गंधार ३८६ वर. चौदा सेंटचा फरक. कागदावर नगण्य, पण चार लांब, जवळजवळ कंपाविना धरलेल्या सुरांत तो डोळ्यातल्या कुसळासारखा सलतो. क्वार्टेट वाजवणारे वादक तो जागच्या जागी मिटवतात. त्यांच्या वाद्यावर पडदेच नाहीत. आणि तोच ए पुढच्या स्वरमेळात पंचम झाला की ते त्याला पुन्हा वर सरकवतात, कारण आता त्याचं नातं दुसऱ्याशी आहे. मी प्रत्येक वाद्याचा प्रत्येक सूर एकेक सेंटने खालीवर करत बसलो. एका क्षणी एफ, सी आणि ए असे काही बसले की चौघांच्याही सुरात नसलेला एक खालचा सूर कुठूनसा घुमू लागला. मी हेडफोन काढून पाहिलं, फ्रीजचा आवाज आहे का. नव्हता. पेटीच्या पट्ट्यांवरून मी त्या गंधारापर्यंत पोचलो होतो, आणि त्याला लागले होते पुरते चार महिने.

मधल्या चपळ भागाबद्दल, जिथे बेथोवेन नवी ताकद आल्याचं लिहितो, थोडक्यात सांगतो. तिथे अडचण उलटी: तुटक सूर पाठोपाठ आले आणि दर वेळी तीच नोंद वाजली की मशीनगन चालल्यासारखं ऐकू येतं. म्हणून प्रत्येक तुटक सूर अनेकदा रेकॉर्ड केलेला असतो आणि आळीपाळीने वाजतो. तो भाग महिन्याभरात झाला.

हे सगळं ज्या व्हायोलिनांच्या बदल्यात आलं, त्यांच्याबद्दल लिहिल्यावाचून मला पुढे जाता येत नाही. गोव्यातल्या चर्चच्या शाळांतून पोर्तुगीज काळात मुलांना स्वरलिपी आणि व्हायोलिन शिकवलं जाई. ती मुलं मोठी होऊन मुंबईला आली आणि हिंदी सिनेमाची तंतुवाद्यं त्यांनी पेलली. सेबास्टियन डिसूझा यांनी शंकर-जयकिशन यांच्या गाण्यांचं वाद्यसंयोजन केलं. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस यांच्याकडे प्यारेलाल व्हायोलिन शिकले. ज्यांनी १९३५ मध्ये बॉम्बे सिम्फनी ऑर्केस्ट्रा उभा केला, त्या मेहली मेहतांनी याच शहरात स्ट्रिंग क्वार्टेटही चालवलं होतं. ताडदेवच्या फिल्म सेंटरमध्ये, वांद्र्याच्या मेहबूब स्टुडिओत डझनावारी व्हायोलिनं एका वेळी बसायची. मग सिंथेसायझर आला, सॅम्पलर आला, आणि तो ताफा पाहता पाहता रिकामा झाला. मेलोट्रॉनला ब्रिटनमधल्या वादकांनी जी भीती बोलून दाखवली होती, ती मुंबईत खरी झाली.

माझ्या खोलीतल्या क्वार्टेटने कुणाचं काम हिरावलेलं नाही. मी कुणाला मानधन देऊन बोलावणार नव्हतोच. पण तेवढ्याने माझं मन हलकं होत नाही. जी तंत्रविद्या मला बेथोवेनच्या जवळ घेऊन गेली, तीच एखाद्या वादकाला व्हायोलिन पेटीत बंद करून घरी बसवून गेली, आणि या दोन्ही गोष्टी मला एकाच वेळी खऱ्या वाटतात. म्हणून कुणी नवा माणूस हा छंद लावून घ्यायला आला की मी त्याला सांगतो, आठवड्यातून एकदा तरी जिथे खरं व्हायोलिन वाजतंय तिथे जाऊन बस. आणि शेजारी कुणी वाजवणारं असेल तर त्यांना ऐकव. ते तुला विचारतील, गज कुठे वळला.

आज मी पुन्हा सुरुवातीच्या उडीपाशी आलो आहे. सीवरून ए. ही जोडी वाजवणाऱ्याने त्या दिवशी बेथोवेन वाजवला नव्हता. त्याने फक्त नऊ अर्धस्वरांची एक उडी वाजवली, बहुधा आठ अर्धस्वरांच्या उडीनंतर, आणि थांबून दहाची घेतली. ती दहाची, सीवरून बी फ्लॅटची. आपल्या हिशोबाने पंचमावरून शुद्ध मध्यमावर. कृतज्ञतागीताच्या पहिल्या भागात शुद्ध मध्यम नाही, बेथोवेनने तो कटाक्षाने टाळला आहे, त्यामुळे ती नोंद मला एवढ्या महिन्यांत एकदाही लागली नाही. आत्ता उत्सुकतेने दोन पट्ट्या दाबून पाहिली. गज तारेवरून तारेवर गेला, तसंच पुसटसं घासलं, आणि बी फ्लॅट वर आला. तितक्याच निगुतीने वाजवलेला.